दुसऱ्याच्या पुठ्ठ्यात

मित्रांनो, माझ्या पाठीवरची अक्षरं आता पुसली गेली आहेत, म्हणून नाव आधीच सांगून टाकतो. मी 'तांबड्या नदीची लेक' या अद्भुत कादंबरीचा पहिला भाग आहे. म्हातारा झालोय, कोपरे दुमडलेत, आणि स्वभाव जरा तिरसट आहे. पण माझं जे झालं ते तुमचं झालं असतं, तर तुम्हीही काही गोड बोलला नसतात.

१९६७ साली मी छापला गेलो आणि कोल्हापुरात मंगळवार पेठेतल्या तात्यांच्या वाचनालयात आलो. नवं पुस्तक आलं की तात्या ते आधी मीरासाब बाइंडरांकडे धाडत. छापखान्याची कच्ची शिवण उसवायची, पक्की घालायची, जाड पुठ्ठा चढवायचा, मगच पुस्तक वाचकाच्या हाती द्यायचं, असा त्यांचा नेम होता.

मीरासाबांच्या घरात पुठ्ठा आणि खळ त्यांची, सुईदोरा त्यांच्या बायकोचा. तिचं नाव रोशनबी. माहेर गडमुडशिंगीचं, शाळेची पायरी कधी चढली नव्हती. खळ लावलेली पुस्तकं शिकंज्यात दाबून ठेवली की ती वाळेपर्यंत दुसरं काम नसे. तेवढ्या वेळात मीरासाब एखादं पुस्तक मोठ्यानं वाचत आणि रोशनबी ऐकत. 'सोनकड्याचं राज्य' नावाची बारा भागांची मालिका त्यांनी अशीच सहा वर्षं वाचली. प्रत्येक भाग रोशनबीनं आधी शिवला आणि मग ऐकला. त्यातला राजपुत्र मेघराज तिला घरचाच वाटायचा. रश्शात मीठ जास्त झालं आणि नवरा कुरकुरला, तर ती म्हणे, "मेघराज असता तर गुमान जेवला असता."

मी त्या घरात गेलो तेव्हा अशी थट्टा बंद झाली होती. छातीच्या दुखण्यानं रोशनबीनं तीन महिने खाट धरली होती. डॉक्टरांनी सांगितलं होतं, औषध आपलं काम करील, पण बाईंच्या पोटात अन्न गेलं पाहिजे. वाचता वाचता मीरासाब घास पुढे करत आणि गोष्टीच्या नादात ती खाई. त्यावरच तिचं चाललं होतं. पण बारावा भाग संपला, मेघराज गादीवर बसला, आणि रोशनबीनं भिंतीकडे तोंड केलं. ताट जसंच्या तसं परत जाऊ लागलं.

तात्यांनी एकामागून एक तीन नव्या मालिका काढून दिल्या. दोन पानं ऐकली की ती म्हणे, "ऱ्हाऊ द्या. ह्यात माझं कोण न्हाई."

चौथा मी. मला मीरासाबांनी स्वतःच शिवलं होतं. त्यांनी माझं नाव मोठ्यानं वाचलं. "नगं," ती म्हणाली. एवढंच. माझं पहिलं वाक्यसुद्धा तिनं ऐकलं नाही. मला फार वाईट वाटलं, आणि रागही आला. मेघराजाशी माझं काय भांडण होतं? तो संपला यात माझी काय चूक होती?

तीन दिवस ताट परत गेल्यावर मीरासाबांनी जे केलं ते फक्त बाइंडरलाच सुचेल. त्यांनी माझा पहिला फर्मा, म्हणजे सुरुवातीची सोळा पानं, फाडून काढली, कारण त्यात माझ्या नायिकेचं नाव, गाव, सगळं होतं. चांगला कागद टाकवेना, म्हणून पुठ्ठा पातळ होता त्याला आतून तीच पानं चिकटवली. वरून लाल कापड चढवलं, त्या बारा भागांना होतं अगदी तसंच. मग खाटेजवळ बसून म्हणाले, "तात्याकडं तेरावा भाग आलाय बघ."

रोशनबीनं मान वळवली.

माझी नायिका वनजा, एका नावाड्याची मुलगी. पण मीरासाब वाचायचे मेघराज. नदी मेघराजाशी बोलायची, होडी मेघराज वल्हवायचा. रोशनबी ऐकायची आणि अर्धी भाकरी खायची. तिच्या तोंडात घास जातोय हे बघून मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. दुसऱ्याच्या नावानं पंगतीत जाऊन बसल्यासारखं वाटत होतं, आणि माझी स्वतःची सुरुवात माझ्याच पुठ्ठ्यात घुसमटली होती.

पाचव्या दिवशी मीरासाब बेसावध राहिले. वाचून गेले, "मेघराजानं वेणी घातली आणि होडी सोडली."

"मेघराज येणी कवापास्नं घालाय लागला?" रोशनबीनं विचारलं.

मीरासाब काहीतरी पुटपुटले. तिनं हात पुढे केला. "आणा हिकडं."

तिला अक्षर येत नव्हतं, पण फर्मे मोजता येत होते. तिनं माझ्या पाठीशी अंगठा लावला आणि एकेक घडी चाचपत गेली. सुरुवातीला थांबली.

"दोरा हाय आन कागद न्हाई. पयला फर्मा कुटं गेला?"

मीरासाबांनी सगळं कबूल केलं. तुझ्या पोटात चार घास जावेत म्हणून केलं, असं म्हणाले. मला वाटलं, आता ती मेघराजासाठी रडेल. ती रडली नाही. फार हळू बोलली.

"मला वाचाय येत न्हाई म्हणून काय बी ऐकवायचं व्हय? मग सा वर्सं वाचलासा, ते तरी खरं का? का त्यो मेघराज बी तुमच्याच पोटातनं आला हुता?"

"त्यातलं येक अक्षर बदललं न्हाई गं."

"ते मला कसं कळायचं?"

तिचे बारा भाग संपले होते, आता ते हातचेही गेले. दोन दिवस त्या घरात कुणीच धड जेवलं नाही. मीरासाब कामावर बसत आणि नुसती खळ ढवळत राहत.

तिसऱ्या दिवशी सकाळी रोशनबी उशीला टेकून बसली. "वल्लं फडकं द्या," म्हणाली. तिनं माझा पुठ्ठा भिजवला आणि नखानं एकेक पान सोडवायला घेतलं. धाप लागली की थांबे, पुन्हा सुरू करी. मीरासाबांनी मदतीला हात पुढे केला तो तिनं बाजूला सारला. दिवेलागणीपर्यंत पानं सुटली, पण दोन पानांवरच्या काही ओळी पुठ्ठ्यालाच राहिल्या. त्या आजही माझ्यात नाहीत. दुसऱ्या दिवशी फाटल्या घड्यांना कागदाच्या पट्ट्या लावून तिनं मला नव्यानं शिवलं. इतकी घट्ट शिवण मला आधी कुणी घातली नव्हती.

"आता वाचा," ती म्हणाली. "हाय तसं. माझं कोण न्हाई तर न्हाई."

मीरासाबांनी वाचलं. पहिल्या दिवशी तिनं दोनच घास खाल्ले. वनजा तिला आवडली नाही, फार बोलते म्हणाली. आठवड्यानं म्हणाली, पोरगी धीराची हाय. महिन्यानं मी संपलो, तेव्हा ती उंबऱ्यापर्यंत चालत होती. "म्होरचा भाग आणा की," असं ती म्हणाली आणि मी कृतार्थ झालो. पहिल्या भागाला याहून मोठी शाबासकी नसते.

मी वाचनालयात परतण्याआधी मीरासाब दुसरा भाग घेऊन आले, म्हणून पुढचं मला बघायला मिळालं. ते वाचायला बसले, तेव्हा रोशनबीनं नव्या पुस्तकावर हात ठेवला. "आधी नाव वाचा." त्यांनी वाचलं, "तांबड्या नदीची लेक, भाग दुसरा." तिनं हात उचलला नाही. शेजारच्या नजीराला हाक मारली. ती चौथीत होती.

मित्रांनो, आवडती गोष्ट संपून कुणी रुसून बसलं असेल, तर त्याला थोडं रुसू द्या. नवं पुस्तक द्याल तेव्हा ते त्याच्या स्वतःच्या नावानं द्या, आणि नको म्हटलं तर दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारा. आमचं काय, आम्ही वाट बघतो. पण ज्याला वाचता येत नाही, तो तुमच्या तोंडावर विश्वास ठेवून ऐकत असतो, एवढं विसरू नका.

मीरासाबांनी त्या दिवशी नाव अगदी बरोबर वाचलं होतं. तरी ते नजीरानं दुसऱ्यांदा वाचलं, आणि तोवर मीरासाब मान खाली घालून बसून राहिले.