म्हाळसाबाईचा पाण्यातला कळप

मी माशांची पेटी बोलतेय. हसू नका. ज्या घरात आजारी मेंढराच्या कानात देवाचं नाव सांगायची रीत होती, त्या घरातली पेटी चार शब्द बोलली तर काय बिघडलं? तसंही आता माझ्यात ना पाणी आहे ना मासे, आणि रिकाम्या भांड्याचा आवाज जरा जास्तच होतो.

माझा जन्म गुलबर्ग्यात, बसस्टँडच्या मागं एका काचेच्या दुकानात झाला. लोकांच्या खिडक्यांना तावदानं कापून उरलेल्या काचा आणि त्या सांधायला सिलिकॉनचा पांढरा लेप, एवढंच माझं भांडवल. बनवणारे चाचा बोलघेवडे होते. ‘पानी भरके देखो मियाँ, रोयी तो वापस लाओ,’ असं त्यांनी मला घेऊन जाणाऱ्या पोराला बजावलं होतं. मी एक थेंबही रडले नाही. पुढं रडायचे प्रसंग पुष्कळ आले, पण सांधे पक्के होते.

मला घेऊन जाणारा तो पोरगा श्रीशैल. आळंद तालुक्यातल्या निंबर्ग्याच्या धुळाप्पा आणि म्हाळसाबाईचा एकुलता एक. गुलबर्ग्याला पॉलिटेक्निकात शिकत होता. साल नव्याण्णवचं होतं. बापाच्या जुन्या घोंगडीत मला गुंडाळून, बसमध्ये मांडीवर घेऊन, खड्ड्याखड्ड्याला माझ्यावर हात धरत त्यानं मला गावी आणलं. नव्या नवरीलाही कुणी इतकं जपून आणत नाही.

ज्या घरात मी आले त्या घरातून वर्षभरापूर्वीच मेंढरं गेली होती. धुळाप्पाच्या बापाचा कळप मोठा होता म्हणतात. पण माळ नांगराखाली गेले, चराईवरून भांडणं व्हायला लागली, आणि पोरगा शाळेत चांगला निघाला. शेवटी धुळाप्पानं कळप विकला आणि शेतीत लक्ष घातलं. घरामागचं मेंढरांचं वाडगं ओस पडलं. तरी दिवस मावळला की म्हाळसाबाई तिथं जायची, फाटकाची काठी उगीच सारखी करायची आणि परत यायची. सवय होती, दुसरं काय.

श्रीशैलनं मला ओसरीवर लाकडी बाकावर मांडलं. तळाला थोडी काळी माती, तिच्यावर धुऊन चाळलेली वाळू. ओढ्यातून लांब पानांचं पाणगवत आणून रोवलं. गुलबर्ग्याच्या दुकानातून पिशवीत मासे आणले. रंगीत शेपटीचे गप्पी, काळे मॉली, पट्ट्यापट्ट्यांचे झेब्रे, तळाशी मिशा हलवत फिरणारा एक कॅटफिश आणि एक एंजल. एंजल म्हणजे चपटी, चांदीसारखी, वर-खाली लांब पर असलेली. तिला पिशवीतून काढताना श्रीशैलच्या जाळीत तिचा वरचा पर अडकला आणि कायमचा वाकला. पोरगं दिवसभर हळहळत होतं.

धुळाप्पानं लांबूनच बघितलं. म्हणाला, “मासं पाळायचं आन खायचं न्हाई. असलं काय शिकवायलेत कालिजात?” तोंडानं असं बोलला खरा, पण जेवण झाल्यावर त्याचं पान-तंबाखू माझ्यासमोरच व्हायला लागलं.

शिक्षण संपलं तसा श्रीशैल पुण्याकडं, चाकणच्या एका कारखान्यात लागला. आमच्या भागातली पोरं तेव्हा अशीच निघाली होती. कुणी पुण्याला, कुणी हैदराबादला, कुणी थेट बेंगळूरला. जायच्या दिवशी त्यानं आईला माझ्यासमोर बसवलं आणि सगळं समजावलं.

“अव्वा, पाणी येक दिवस बादलीत ठिवून मग घाल. सगळं बदलायचं न्हाई, थोडंच बदलायचं. खायला चिमूटभर. आन काय बी झालं तर पाण्यात काय टाकू नको, आदी मला इचार. मी येईपस्तोर संबाळ.”

“मेंढरं संबाळलीत रे मी,” म्हाळसाबाई म्हणाली. “ह्ये तर लेकराच्या मुठीत मावत्यात.”

आणि तिनं सांभाळलं. कसं, ते मलाच विचारा. निंबर्ग्यात वीज पाहुण्यासारखी यायची, आली तरी लगेच जायची. हवेचे बुडबुडे सोडणारा माझा पंप बंद पडला की ती लोटीनं माझंच पाणी वर उचलायची आणि धार धरून सोडायची, म्हणजे पाण्यात हवा मिसळते. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. मासे वर येऊन तोंड उघडायला लागले तेव्हा तिनंच ते ताडलं. पाणगवत वाढलं की बोटांनी विरळ करायची, पण साफ काढायची नाही. कारण एंजल लहान पिल्लं गिळते आणि पिल्लांना लपायला झाडी हवी. कोकरांना लांडग्यापासून जपावं तशी ती त्या पिल्लांना जपायची. त्यांना म्हणायचीही कोकरंच. मॉली तिची काळी झाली आणि एंजल झाली वाकडी. दिवस मावळला की आता ती वाडग्याकडं न जाता माझ्याकडं यायची आणि बोट हलवत सगळी परतली का ते बघायची. माझ्यातून कोण कुठं जाणार होतं? पण तिला बघितल्याशिवाय चैन पडायचं नाही.

गावातली माणसंही यायची. काचेवर टिचक्या मारायची, ते मला मुळीच आवडायचं नाही. एकदा रुद्रम्मानं कौतुकानं चुरमुरे टाकले, तर म्हाळसाबाईनं तिला अशी फैलावर घेतली की बाई महिनाभर आमच्या ओसरीला फिरकली नाही.

श्रीशैलचा फोन अमृतप्पाच्या दुकानात यायचा. म्हाळसाबाई पदर सावरत पळायची आणि परत आल्यावर सगळं बोलणं धुळाप्पाला सांगायची, म्हणून मलाही कळायचं. पहिल्यांदा तो माशांचं विचारायचा, मग बापाच्या खोकल्याचं. धुळाप्पा चेष्टेनं म्हणायचा की हा उंटावरून शेळ्या हाकतोय. पण म्हाळसाबाईला ते हाकणंच गोड लागायचं. पुढं घरात मोबाईल आला, बोलणं सोपं झालं आणि माशांचा प्रश्न मागं मागं सरकत गेला. आधी शेवटी यायचा, नंतर यायचाच बंद झाला. ती मात्र स्वतःहून सांगायची, काळीला पिल्लं झाली, वाकडी आता माझ्या हाताजवळ येते. तिकडून ‘बरं, बरं’ येत असावं, कारण ती लवकर फोन ठेवायची.

त्याचं लग्न झालं, मुलगी झाली. धुळाप्पा गेला तेव्हा तो दिवस घालायला आला होता आणि आईला घेऊन जायचं म्हणत होता. म्हाळसाबाई माझ्यातल्या माशांकडं बोट करून म्हणाली, ह्यांस्नी कुणाकडं ठिवू? त्याला वाटलं, आई काहीतरी निमित्त सांगते आहे. निमित्त नव्हतं हो ते. मी साक्षीला आहे.

एक गोष्ट ध्यानात घ्या. गप्पी, मॉली काही फार वर्षं जगत नाहीत. श्रीशैलनं आणलेले केव्हाच संपले होते. माझ्यात होती ती त्यांची नातवंडं, पणतवंडं. मेंढरांचंही तसंच असतं. मेंढरू मरतं, कळप चालू राहतो. पहिल्या दिवसापासूनची अशी एकटी वाकडी उरली होती. म्हाळसाबाईला त्या चालू राहण्याचा मोठा अभिमान होता. लेकानं दिलेलं तिनं मोडू दिलं नव्हतं.

मग दोन हजार दहाची थंडी आली. श्रीशैलचा निरोप आला, येळवसला बायको-मुलीला घेऊन येतो. येळवस म्हणजे आमच्याकडची वेळ अमावस्या. शेतात पांडवांची पूजा करायची, पालेभाजी-दाण्यांची भज्जी आणि ताकातली आंबिल जेवायची. बाप गेल्यावर पहिल्यांदाच तो सणाला यायचा होता. म्हाळसाबाईला दहा हत्तींचं बळ आलं. तिनं ओसरी सारवली, माझ्या काचा पुसल्या.

आणि थंडीनं घात केला. माशांच्या अंगावर मिठाचे दाणे पडावेत तसे पांढरे ठिपके आले. मासे वाळूला अंग घासायला लागले. वाकडी कोपऱ्यात पर मिटून उभी राहिली. म्हाळसाबाईनं श्रीशैलला फोन लावला. त्यानं सांगितल्याप्रमाणं तिनं आधी विचारायचंच ठरवलं होतं, हे मला सांगायचं आहे. “आरं, ह्यांच्या अंगावर कायतरी आलंय,” एवढं ती म्हणाली. तिकडं यंत्रांचा आवाज होता. तो म्हणाला, अव्वा, ड्युटीवर हाय, मागनं लावतो. मागनं काही त्याचा फोन आला नाही. दुसऱ्या दिवशी तिनं पुन्हा लावला, तर लागला नाही.

तिनं वाट पाहिली. वाकडी एका अंगावर कलायला लागली तेव्हा मात्र तिचा धीर सुटला. चंपाषष्ठी नुकतीच झाली होती. मैलारच्या खंडोबाचा भंडारा देव्हाऱ्यात होता. कळपात रोग शिरला की तिचा सासरा मेंढरांवरून भंडारा उधळायचा आणि तिनं स्वतःच्या डोळ्यांनी मेंढरं उभी राहिलेली बघितली होती. पाठीवर पडलेली हळद मेंढरू झटकून टाकतं. पाण्यातल्या जीवानं ती कुठं झटकायची, हे तिच्या मनात आलं नाही. तिनं डोळे मिटले, मल्हारीचं नाव घेतलं आणि मूठभर भंडारा माझ्यात उधळला. जरा थांबून आणखी एक मूठ.

माझं पाणी पिवळं झालं. इतकं पिवळं, की मला माझ्यातलंच काही दिसेना. ती पूड माशांच्या कल्ल्यांत बसली. ते वर आले, तोंडं उघडू लागले, आणि तिला वाटलं देवानं जाग दिली. मग एकेक उलटा व्हायला लागला. तिनं लोटीनं पाणी उचलून धार धरली, विहिरीचं पाणी आणून ओतलं, हात आत घालून वाकडीला सरळ धरलं. वाकडी तिच्या ओंजळीतच गेली. मला हात असते तर मी तिची मूठ धरली असती. काचेला नुसतं बघता येतं, एवढं वाईट दुसरं काही नाही.

तिनं सगळ्यांना पदरात घेतलं आणि वाडग्यात, जिथं मेलेली कोकरं पुरायचे तिथं पुरलं. मग मला धुऊन काढलं. वाळू धुतली, गवत धुतलं. पण सांध्यांतल्या पांढऱ्या लेपात हळद मुरली होती, ती काही निघाली नाही.

येळवसच्या आधी ती एकटीच बसनं गुलबर्ग्याला गेली आणि झाकणाच्या किटलीतून नवे मासे घेऊन आली. गप्पी, काळे मॉली, झेब्रे, एक कॅटफिश, एक एंजल. लपवाछपवी करायची म्हणून नव्हे. सणाला नात येणार आणि पेटी ओसाड कशी ठेवायची, म्हणून. त्यांना आत सोडताना माझ्याशीच बोलल्यासारखी म्हणाली, “मेंढक्याचं पोरगं हाय. तोंड बघूनच वळखंल, ही आपली न्हाईत म्हून. मग सांगते. बोलंल मला, बोलू दे.”

मेंढक्यांची ती ख्यातीच आहे. हजार मेंढरांत आपलं कोकरू ते तोंडावरून ओळखतात.

श्रीशैल आला. बायको जगदेवी सासूच्या पाया पडली, छोटी तेजश्री सरळ माझ्याकडं धावली. म्हाळसाबाई हातात पाण्याचा तांब्या घेऊन दारातच उभी राहिली. श्रीशैल माझ्यासमोर वाकला. एंजल अगदी त्याच्या नाकासमोर होती, आणि तिचा पर सरळ होता, धुतल्या तांदळासारखी निर्दोष एंजल. त्यानं हौसेनं मोबाईलवर फोटो काढला आणि बायकोला म्हणाला, “बघ, कालिजात असताना आणली होती मी. आजून तेच मासे हायत. व्हय की न्हाई गं अव्वा?”

तिनं तांब्या उंबऱ्यावर ठेवला. म्हाळसाबाई म्हणाली, “व्हय. तेच हायत.”

ते तिघं दोन दिवस राहिले. शेतात जेवण झालं, आंबिल झाली, श्रीशैलनं आईला साडी आणली होती. तो वाईट मुलगा नाही. जाताना त्यानं आईला पुन्हा सोबत चल म्हटलं आणि आईनं या वेळी माशांचं नाव काढलं नाही. नुसती नकारार्थी मान हलवली.

गाडी गेल्यावर ती माझ्यासमोर बसून पोटभर रडली. तो रागावून बोलेल याची तिला भीती वाटत होती, असं मला इतके दिवस वाटत होतं. पण खरं तर त्या रागाच्या आशेवरच ती जगत होती. ज्यानं काही ओळखलंच नाही, त्याच्यापुढं चूक कशी कबूल करायची?

नव्या माशांत तिचा जीव रमला नाही. खायला घालायची, पाणी बदलायची, पण नाव एकालाही ठेवलं नाही. उन्हाळ्यात रुद्रम्माचा भाचा शहरातून आला होता, त्याला तिनं मासे दिले. गवत ओढ्यात नेऊन सोडलं. मला त्याच घोंगडीत गुंडाळून वाडग्यात ठेवलं. आता दोन हजार बारा उजाडलं आहे. घोंगडी कोंबड्यांनी केव्हाच ओढून काढली. एक कोंबडी माझ्यात अंडी घालते, आणि माझी काही तक्रार नाही, काहीतरी जिवंत आहे म्हणायचं.

म्हाळसाबाई अजूनही दिवस मावळताना वाडग्यात येते, फाटकाची काठी सारखी करते. माझ्या कोपऱ्यावरून अंगठा फिरवते. तिथं ती पिवळी रेघ आहे.

श्रीशैल, मला पुन्हा पाणी भर असं मी म्हणत नाही. माझं वय झालं, सांधे आता दगा देतील. पण एकदा ये. तुझ्या फोटोत माझा कोपराही आला असेल, तोही बघ. मग आईजवळ बस आणि एवढंच विचार, अव्वा, हे पिवळं कशाचं? बाकी ती सांगेल. तिला तेवढं एक सांगायचं राहिलं आहे, आणि ऐकणारा तूच हवा आहेस.