जिन्याखाली राहिलेली खुर्ची

मी एक जुनी चाकांची खुर्ची आहे. पुढचं डावं चाक आता जरा तिरपं चालतं आणि पाठीवरची अक्षरं पुसट झाली आहेत. मित्रांनो, या खोलीत मी अगदी मागच्या भिंतीशी आहे. पुढे नव्या घडीच्या खुर्च्या उभ्या आहेत, त्या आपसातच कुजबुजतात. तुम्ही ऐकणार असाल तर मी तुम्हाला माझी गोष्ट सांगते.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला हे मला नीट आठवत नाही. आठवतो तो जहाजाच्या पोटातला काळोख आणि नंतर लेबनॉनमधल्या त्रिपोलीच्या बंदरावरचं डोळे दिपवणारं ऊन. मला उतरवून घ्यायला फैहा सेवा क्लबची मंडळी आली होती. त्यांत एक औषधविक्रेते होते, एक शाळामास्तर होते, फुलांचं दुकान चालवणाऱ्या मदाम रूला होत्या. आणि सर्वांच्या पुढे पोट सावरत चालणारे क्लबचे अध्यक्ष हिकमत होते. ते निवृत्त दंतवैद्य. सगळं गाव त्यांना हकीम म्हणायचं.

औषधांच्या दुकानामागची ही खोली म्हणजे क्लबचं कोठार. इथे काय नव्हतं! लोकांनी दिलेल्या जुन्या चष्म्यांच्या पेट्या होत्या. त्यांचे नंबर तपासून ते गरजू म्हाताऱ्यांच्या नाकावर बसवले जात. थंडीत वाटायच्या घोंगड्या होत्या. रमजान जवळ आला की मसूर, तांदूळ आणि तेलाची खोकी छतापर्यंत रचली जात. आणि आम्ही खुर्च्या. आम्हाला कोणी कायमचं द्यायचं नाही, असा क्लबचा शिरस्ता. गरज असेल त्यानं न्यावं, बरं झालं की परत आणावं. परत आलेल्या खुर्चीला मंडळी बाह्या सरसावून धूत. हकीम तर दात घासायच्या जुन्या ब्रशानं माझ्या चाकांच्या तारा घासायचे आणि घासता घासता मला म्हणायचे, "तोंड उघड, अजून थोडं उघड." लोक हसायचे. मला मात्र ते फार आवडायचं.

ते दिवस चांगले होते. शिडीवरून पडलेला एक भट्टीवाला माझ्यावर बसून पाव विकायचा. पाय मोडलेली एक मुलगी माझ्यावर बसून परीक्षेला गेली. एक म्हातारा खलाशी रोज मला समुद्रावर न्यायचा आणि समुद्रपक्ष्यांना शिव्या घालायचा. प्रत्येकाला सोडून येताना वाईट वाटायचं, पण माझं येणं म्हणजे त्यांचं बरं होणं होतं. म्हणून मी तक्रार करत नसे.

मग उम्म मरवान आली. म्हणजे मरवानची आई. तिचं खरं नाव इन्साफ होतं, पण ते हाक मारायला नवरा तेवढा होता आणि तो वारला होता. मरवान दूर स्वीडनमध्ये. साखरेच्या आजारानं तिचा एक पाय गुडघ्याखाली कापावा लागला होता.

क्लबच्या सभागृहात मोठा कार्यक्रम झाला. मागे कापडी फलक होता, टेबलावर फुलं होती, वेलची घातलेली कॉफी होती. क्लबचा एक नेम होता, कुठलीही वस्तू फोटो काढल्याशिवाय कोणाच्या हाती जात नसे. उम्म मरवानला माझ्यावर बसवलं. हकीम छाती फुगवून म्हणाले, "आजपासून उम्म मरवानना सगळं शहर मोकळं आहे!" टाळ्या पडल्या. आणि मित्रांनो, त्या एवढ्या शिकल्यासवरल्या माणसांत एकानंही तिला विचारलं नाही की बाई, तुम्ही राहता कितव्या मजल्यावर?

त्यांचाही फारसा दोष नव्हता म्हणा. त्या सगळ्यांच्या इमारतींत लिफ्टला जनरेटर होता. लाईट नसली तर लिफ्ट चालत नाही, हे त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं. उम्म मरवान मीना या बंदराकडच्या वस्तीत, समुद्राजवळच्या एका जुन्या इमारतीत सहाव्या मजल्यावर राहायची. तिथली लिफ्ट फक्त सरकारी विजेवर चालायची. आणि सरकारी वीज स्वतःच्या लहरीप्रमाणे यायची.

तरी पहिले काही महिने आमचं बरं चाललं होतं. लाईट आली की सगळी गल्ली ओरडायची, "आली! आली!" की उम्म मरवान डोक्यावर ओढणी टाकून माझ्यावर बसलीच. आम्ही खाली जायचो. भाजीवाल्याशी भांडून काकड्या घ्यायचो. लाईट जायच्या आत धावतपळत परत यायचो. ती मला म्हणायची, "चल गं बाई, आपण दोघी मिळून त्या वीजवाल्यांना चकवू." मला कोणी बाई म्हणालं ते तेवढंच.

एके दिवशी आम्हाला चकवता आलं नाही. समुद्राकाठी तीळ लावलेला गरम पाव खात ती बसून राहिली, आणि परतलो तेव्हा लिफ्ट मेलेली होती. आम्ही खूप वेळ वाट पाहिली. शेवटी इमारतीतल्या तिघा पुरुषांनी तिला घोंगडीत घातलं आणि जिन्यानं वर नेलं. मी खालीच राहिले. वरचं मला नुसतं ऐकू येत होतं. मधल्या कुठल्याशा मजल्यावर "अरे, झगा सरकला," असं कुणी म्हणालं आणि एक पोर खुदकन हसलं. उम्म मरवान काही बोलली नाही. एरवी ती गप्प बसणारी बाई नव्हती.

"खुर्ची उद्या आणतो वर," इमारतीचा राखणदार जुमआ जिन्यातून ओरडला.

"राहू दे," वरून आवाज आला. "खिडकीत बसायला माझ्याकडे साधी खुर्ची आहे. चाकं लागतात कुणाला तिथं?"

मग मी जिन्याखाली राहिले. दिवस गेले, ऋतू गेले. पोरं आधी माझ्यावर बसून गोल गोल फिरायची, मग त्यांनाही कंटाळा आला. जुमआनं गॅसची रिकामी टाकी माझ्या मांडीवर ठेवून दिली. धूळ साचली. मला सगळ्यांत त्रास कशाचा व्हायचा सांगू? ती वर होती आणि मी खाली होते. माझ्यावाचून तिचं अडलं होतं, तिच्यावाचून माझं. आणि मध्ये नुसत्या पायऱ्या होत्या. सकाळी ती गॅलरीतून दोरीला बांधलेली टोपली खाली सोडायची, तेव्हा तिचा आवाज आधी पोहोचायचा. "ए, कालचा पाव नको हं! माझा पाय गेलाय, दात शाबूत आहेत!" खाली लोक हसायचे. मला उत्तर देता येत नसे. टोपली वर जायची, की पुन्हा सगळं शांत.

आमच्याकडे ईदच्या सकाळी माणसं आपल्या माणसांच्या कबरींवर जातात आणि तिथे आस नावाच्या झुडपाच्या हिरव्या, सुगंधी डहाळ्या ठेवतात. नवऱ्याच्या, म्हणजे अबू मरवानच्या, कबरीवर जायच्या उम्म मरवानच्या दोन ईदा अशाच चुकल्या होत्या. तिसरी जवळ आली तेव्हा तिनं वरून हाक मारली, "जुमआ, आसची एक जुडी घे. अबू मरवानच्या कबरीवर माझ्या नावानं ठेवून ये."

"ठेवीन की. पण ते ओळखतील का मला?"

"त्यांनी मला तरी चाळीस वर्षांत कुठं ओळखलं!"

गल्ली हसली. पण गॅलरीचं दार बंद झालं आणि त्या दिवशी टोपली खाली आलीच नाही. तिला स्वतःला जायचं होतं, हे त्या गल्लीत मला एकटीलाच कळलं होतं.

ईदच्या आठवडाभर आधी हकीम आणि मदाम रूला गाडीतून आले. क्लबकडे खुर्च्या कमी पडत होत्या आणि न वापरलेल्या खुर्च्या परत घ्यायचं ठरलं होतं. मला पाहून मदाम रूलांनी तोंडावर हात ठेवला. हकीम रस्त्यावर उभे राहून वर ओरडले, "उम्म मरवान! तुम्ही ही खुर्ची वापरत नाही का?"

"वापरते की! गॅसच्या टाकीला बसायला दिली आहे!"

"अहो, पण आम्हाला कळवायचं ना!"

"तुम्ही वर आला असतात तर कळलं असतं, हकीम! या ना, कॉफी ठेवते!"

हकीमांनी सहा मजल्यांकडे पाहिलं, मग आपल्या पोटाकडे पाहिलं. मागे गाड्यांचे भोंगे वाजू लागले.

"घेऊन जा तिला," उम्म मरवानच म्हणाली. या वेळी आवाज जरा बारीक होता. "तळमजल्यावर राहणाऱ्या कुणाला तरी द्या."

असं माझं नातं तुटलं. मी पुन्हा या खोलीत आले. मला धुतलं, तेलपाणी केलं. नवा माणूसही ठरला, पण फोटोचा कार्यक्रम ईदनंतर असल्यानं मी इथेच थांबले.

ईदच्या सकाळी खोलीतला दिवा आपोआप पेटला. बाहेर सगळीकडे ओरडा झाला, "आली! आली!" सणासाठी सरकारनं वीज सोडली होती आणि ती जाईना. दिवा जळत राहिला. मित्रांनो, मला त्या दिव्याकडे बघवेना. तिकडे लिफ्ट चालू असेल, उम्म मरवान नवा झगा घालून बसली असेल, आणि मी इथे चकचकीत होऊन भिंतीशी उभी. एवढं एकटं मला जिन्याखालीसुद्धा वाटलं नव्हतं.

कुलूप उघडल्याचा आवाज झाला. हकीम आत आले. अंगात ईदचा सूट होता, बाहीला आसचं एक पान चिकटलं होतं. ते आपल्या वडिलांच्या कबरीवरून येत होते. तिथे त्यांना जुमआ दिसला होता. घाईघाईनं अबू मरवानच्या कबरीवर जुडी टाकून तो निघाला होता. "त्या कशा आहेत?" असं हकीमांनी विचारलं, तेव्हा तो म्हणाला, "सकाळपासून गॅलरीत बसल्यात. लिफ्ट चालू आहे आज. पण खुर्ची तुम्ही नेलीत ना." हे सारं हकीम मलाच सांगत होते, मला ओढता ओढता. मी गाडीच्या मागे नीट मावेना, तेव्हा त्यांनी गळ्यातला टाय सोडून डिकीचं झाकण बांधलं.

लिफ्टनं आम्ही वर गेलो. दार उघडंच होतं. उम्म मरवान झग्याच्या घड्या सारख्या करत बसली होती.

"फोटोवाला कुठाय?" तिनं विचारलं.

"नाही आणला."

"मग कशाला आलात?"

"तुम्हाला न्यायला आलोय. अबू मरवानकडे."

तिनं माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "आणि परत येताना लाईट गेली तर? त्या घोंगडीत मी पुन्हा जायची नाही, हकीम. मेल्यावर काय न्यायचं ते न्या."

"गेली तर खालीच बसा. मीही बसतो तुमच्याबरोबर. ती येईपर्यंत."

"आणि आलीच नाही तर?"

"तर बसून राहू."

"बायको काय म्हणेल?"

"सुटले म्हणेल!"

तेव्हा ती हसली आणि माझ्यावर बसली.

कबरीपाशी तिनं आसच्या डहाळ्या नीट पसरल्या. जुमआची जुडी वेडीवाकडी पडली होती, तीही सारखी केली. "दोन ईदा आले नाही म्हणून रुसू नका," ती नवऱ्याला म्हणाली. "तुम्ही तरी कुठं आलात?" मग ती रडली. माझ्या हातावर तिची बोटं घट्ट रुतली होती आणि ती कधीच सुटू नयेत असं मला वाटत होतं.

परतलो तेव्हा लाईट गेलेली होती.

इमारतीतली माणसं घोंगडी घेऊन आली. हकीमांनी त्यांना हातानंच थांबवलं, सूट सावरला आणि ते जिन्याच्या खालच्या पायरीवर बसले. वरच्या बिऱ्हाडांतून कॉफी आली, खजूर भरलेल्या मामूल बिस्किटांच्या बशा आल्या. उम्म मरवाननं हकीमांना नवऱ्याचे सगळे किस्से सांगितले. मग मरवान फोन करत नाही तेही सांगितलं. हकीमांनी मध्येच उपदेश केला नाही. ते फक्त ऐकत होते. दिवेलागणीला गल्ली ओरडली, "आली! आली!" सगळे ओरडले. उम्म मरवान तेवढी ओरडली नाही.

माझ्या ठरलेल्या नव्या माणसाला दुसरी खुर्ची दिली गेली आणि मी तिच्याकडेच राहिले. त्यानंतर आणखी एक हिवाळा ती जगली. दर गुरुवारी हकीम धापा टाकत जिना चढायचे, लिफ्ट चालू असली तरी. मग ती गेली, आणि मी पुन्हा इथे आले.

आता माझी चाकं फार दिवस टिकणार नाहीत. म्हणून एवढंच मागते. मित्रांनो, मोठे झाल्यावर तुम्हीही कुणाला काही द्याल. काठी द्याल, चष्मा द्याल, कदाचित माझ्यासारखी एखादी खुर्ची द्याल. खुशाल फोटो काढा. पण नंतर एकदा त्या माणसाच्या घरी जिना चढून जा. आणि गेलात की लगेच निघू नका. त्याच्या शेजारी बसा.