उपाशीपोटी

टीसींनी आयुष्यभर लपणाऱ्यांना पकडलं. गाडीच्या संडासात दडलेले, झोपेचं सोंग घेतलेले, सासऱ्याच्या पासावर फिरणारे जावई, एकही सुटला नाही. आणि आता निवृत्तीनंतर ते स्वतःच सुनेच्या टेबलासमोर चोरासारखे बसले होते.

सून एका छोट्या औषध कंपनीत संशोधक होती. उतारवयातल्या पुरुषांचे हार्मोन्स ताळ्यावर राहावेत म्हणून एका मुळाचा अर्क कॅप्सूलमध्ये भरून विकायचा, असा कंपनीचा बेत. पण तो अर्क अंगी लागेल तर शपथ! पोटात जायचा आणि तसाच पुढे निघून जायचा, रक्तात त्याचा मागमूसही नाही. सुनेने पूड आणखी बारीक केली, कॅप्सूलचं आवरण बदललं, तरी ढिम्म. शेवटी साहेबांनी स्पष्टच सांगितलं की या चाचणीत अर्क रक्तात उतरला तर ठीक, नाहीतर काम बंद, आणि तिनेही दुसरी नोकरी बघावी.

चाचणीला माणसंही मिळेनात. पुरुषांचे हार्मोन्स म्हटलं की भलेभले काढता पाय घेतात. तेव्हा टीसीच पुढे सरसावले आणि आपल्या निवृत्त दोस्तांना ओढून घेऊन आले. "अरे, रक्तच काढणार आहेत, अब्रू नाही!" असं म्हणत त्यांनी एकेकाला खुर्चीत बसवलं. नियम सोपा होता: सकाळी उपाशीपोटी कॅप्सूल घ्यायची, दुपारपर्यंत पाण्याशिवाय काही नाही, आणि मधून मधून रक्त द्यायचं.

आज निकाल आला होता. आलेखावर सगळ्यांच्या रेघा जमिनीला चिकटलेल्या आणि एकट्या टीसींची रेघ तरातरा डोंगर चढून गेलेली.

"नमुन्यात गडबड झालीय," साहेब म्हणाले. "हा एक आकडा सोडून द्या. बाकी सगळं शून्यच आहे. आवरा आता."

"बाबा," सून म्हणाली, "खरं सांगा. त्या दिवशी तुम्ही काही वेगळं केलंत का? दुसरी एखादी गोळी? काहीही?"

"छे! पाणी प्यायलो फक्त."

टीसी धडधडीत खोटं बोलले. त्या दिवशी पाय मोकळे करून येतो असं सांगून ते रस्ता ओलांडून समोरच्या बेकरीत गेले होते. तसे ते रोजच जात. घरात पाव वाळून कडक व्हायचा तरी नवा आणत. बेकरी एक बाई एकट्याने चालवायच्या. त्या हसल्या की टीसींचा दिवस सार्थकी लागायचा, एवढीच काय ती गोष्ट. त्या दिवशीही नुसतं तोंड दाखवून परतायचं होतं. पण बाईंना त्यांच्या दंडावरचा कापूस दिसला. "रक्त दिलंत आणि पोटात काही नाही? बसा आधी!" त्यांनी भट्टीतून निघालेला बन चिरला, दोन्ही बाजूंना लोणी थापलं आणि पुढ्यात ठेवला. बाईंनी त्या क्षणी बशी पुढे केली असती तर टीसींनी बशीसुद्धा खाल्ली असती.

बन खाल्ला, हे सांगायला काय जात होतं? पण पुढचा प्रश्न आला असता, की तिथे गेलात कशाला? बायकोला जाऊन काही वर्षं झाली होती. "बाबांचं एकट्याचं छान चाललंय," असं मुलगा अभिमानाने चारचौघांत सांगायचा. त्याच बाबांनी म्हातारपणी प्रेमात पडून सुनेच्या कामाचा विचका केला, हे कुठल्या तोंडाने सांगायचं?

सून टेबल आवरायला लागली. "असू दे बाबा. तुम्ही आलात, दोस्तांना आणलंत, तेच खूप झालं," ती म्हणाली आणि कोटाच्या बाहीने हळूच डोळे पुसले.

टीसींना ते पाहवेना. ते ताडकन उठले.

"साहेब, थांबा. मी बन खाल्ला होता. लोणी लावून. समोरच्या बेकरीत."

"नियम माहीत होता ना तुम्हाला?"

"माहीत होता. पण त्या बाईंना नाही म्हणता येत नाही मला."

टीसींचे कान तापले. आता सून रागावणार, या भीतीने त्यांनी डोळेच मिटून घेतले.

"लोणी!" सून एवढ्या जोरात ओरडली की साहेब दचकले. "अहो, हा अर्क पाण्यात विरघळतच नाही, त्याला स्निग्ध काहीतरी लागतं! आणि मी सगळ्यांना उपाशी ठेवत बसले!" तिने कपाळावर हात मारून घेतला आणि हसत सुटली.

साहेबांनी कुरकुरत आणखी एक चाचणी मंजूर केली. अर्ध्या मंडळींना लोणी लावलेला बन, अर्ध्यांना नुसतं पाणी. टीसींना मात्र दाराबाहेर ठेवलं, कारण त्यांच्या शब्दावर आता कुणाचाच भरवसा नव्हता. बन खाणाऱ्यांच्या रेघा झाडून सगळ्या वर चढल्या. उपाशी राहिलेल्यांनी आपल्यावर अन्याय झाल्याची तक्रार केली. हार्मोन्सचं काय होतं ते पुढे कळणार होतं, पण अर्क रक्तात उतरला होता आणि सुनेचं काम वाचलं होतं.

त्याच संध्याकाळी सुनेने सासऱ्यांचा हात धरला आणि त्यांना जवळजवळ ओढतच बेकरीत नेलं.

"बाई, तुम्हाला नाही म्हणणं आपल्याला जमत नाही, असं आमचे बाबा त्या दिवशी साहेबांना सांगत होते," ती म्हणाली.

बाईंनी हातावरचं पीठ झटकलं आणि टीसींकडे नीट बघितलं. "साहेबांना सांगून काय उपयोग? मला सांगायचं होतं."

टीसी बरणीतली बिस्किटं न्याहाळू लागले. सुनेने त्यांना कोपराने ढोसलं.

"घरी जेवायला याल?" ते कसेबसे म्हणाले. "मुलगाही असेल. त्याला सगळं सांगायचंय."

बाईंनी एप्रनची गाठ सोडली आणि दिवा मालवला. "चला."

"आत्ता?"

"मग? या वयात आणखी किती वाट बघायची?"