चैत्र पौर्णिमेनंतरचा रविवार

चंद्राकडे पाहताना काकी हनुवटी किंचित वर करी, आणि एरवी पदराच्या सावलीत असणारी तिच्या गळ्यावरची गोंदणाची हिरवी रेघ संध्याप्रकाशात उजळून निघे. ती रेघ बाप्तिस्म्याच्या फार आधीची. पुढे नवं नाव आलं, नवी प्रार्थना आली, पण पदर ओढून काकीनं ती कधी झाकली नाही. "माझ्या आयनं काढून घेतलीय ती. देवबापाला काय ठाव न्हवतं व्हय, ही कुणाची पोर ते?" असं ती एकदा म्हणाली होती, आणि लगेच चुलीवरच्या भाताकडे वळली होती.

दिघीच्या पलीकडे, खाडी जिथं समुद्राला मिळते तिथल्या एका खडपाआड आमची अकरा घरांची वाडी होती. घरं कोळ्यांची, एका पिढीपूर्वी ख्रिस्ती झालेली. काका मिशननं नेमलेले त्यांचे मास्तर. आठवडाभर मुलांना शिकवायचे आणि रविवारी त्याच खोलीत प्रार्थना चालवायचे. मी त्यांची पुतणी. आईवडील तापाच्या साथीत गेले, तेव्हापासून काकीच्या कुशीत वाढलेली. त्या वाडीतला वसंत ऋतू मला एखाद्या माणसासारखा आठवतो, कारण तो आमच्या घरात नेहमी काकीच्या अंगावरून यायचा. सुरंगी आधी तिच्या अंबाड्यात दिसायची आणि मग झाडावर. करवंदीच्या फुलांचा वास तिच्या सरपणाच्या भाऱ्याला लागलेला असायचा. आणि फणसाची वाळकी पानं पहाटे तिच्या खराट्याखाली अशी कुजबुजत, की अंथरुणात पडल्या पडल्या मला वाटे, सकाळ काही आपोआप होत नाही, काकी ती अंगणातून झाडून आत आणते.

तिच्या श्रद्धेला आवाज नव्हता. ओहोटी लागली की खाडीतल्या होड्या चिखलात एका कुशीवर कलंडतात. परक्याला वाटावं, आता यांचं संपलं. पण होडीच्या त्या कलंडण्यात भय नसतं, पाणी परत येणार हे जणू तिच्या लाकडाला ठाऊक असतं. काकीचा भरवसा तसा होता. मडक्यात तांदूळ तळाला गेले की ती चिखलातल्या बगळ्याकडे बोट दाखवी. "त्याला कोण रांधून घालतंय? आपल्याला तर चूल तरी हाय." मग जे असेल ते आम्ही तिघं खात असू, आणि ते पुरे.

एकोणतीस सालाच्या आधीच्या मार्गशीर्षात काका गेले. छातीत कळ आली, आणि फळ्यावर अर्धा लिहिलेला पाढा तसाच राहिला. नाताळ कसाबसा पार पडला, आणि मग अलिबागेहून मिशनचं पत्र आलं. भाषा सौजन्याची होती. बाईमाणसावर शाळेचा आणि प्रार्थनाघराचा भार टाकणं उचित नव्हे. पावसाळ्यापूर्वी पाळकसाहेब स्वतः येऊन पाहतील. बहुधा दोन्ही बंद करून विधवेची आणि मुलीची सोय अलिबागेस करावी लागेल. अकरा घरांचं पुढे काय, हे त्या पत्रात नव्हतं. काकीला मात्र ते दिसत होतं. त्या दाराला कुलूप लागलं, की दोन शिमग्यांच्या आत वाडी पांगेल. कुणी जुन्या वाटेनं परत जाईल, कुणी मुंबईला, आणि काकांनी बारा वर्षं जपलेला तो लहानसा दिवा कुणी न फुंकताच विझेल. काकांनीच तिला अक्षरं शिकवली होती. एक सबंध दुपार खर्चून, जिभेचं टोक दातांत धरून, तिनं उत्तर लिहिलं, 'येथे सर्व पूर्वीप्रमाणे चालू आहे.'

ते वाक्य खरं करणं हा तिचा त्या वसंतातला एकमेव उद्योग झाला. फळ्यावरचा अर्धा पाढा तिनं पुरा केला. रविवारी ती काकांच्या जागी, पण खुर्चीवर न बसता, उभी राहून प्रार्थना करू लागली. एकच गोष्ट तिच्यापाशी नव्हती. ईस्टरची तारीख दरसाल बदलते, आणि ती दाखवणारं कॅलेंडर काका नाताळात अलिबागेहून आणीत. पत्र पाठवून तारीख विचारता आली असती. पण विचारणं म्हणजे इथं काहीतरी पूर्वीप्रमाणे चालू नाही, हे स्वतःच्या हातानं लिहून देणं. मग तिनं काकांचा शब्द आठवला. जेवताना कधीतरी ते सहज म्हणाले होते, पाडव्यानंतरची पौर्णिमा, आणि तिच्यानंतरचा रविवार, तोच ईस्टर. तेवढ्या शब्दावर तिनं बोटांच्या पेरांवर दिवस मागे मोजले, आणि वाडीचे उपवासाचे चाळीस दिवस सुरू केले.

उपवासात म्हावरं वर्ज्य. आणि म्हावऱ्याचा हंगाम तर ऐन भरात. त्यातच पलीकडच्या पाड्यावर शिमग्याचे ढोल वाजू लागले, तळलेल्या बोंबलांचा वास वाऱ्यावर बसून आमच्या अंगणात येऊ लागला. वाडीतले सर्वांत वृद्ध पौलूसनाना एकदा येऊन ओट्यावर बसले.

"मास्तरीणबाय, देवाला म्हनावं, उपास पावसाल्यात ठेव. तवा तसंबी म्हावरं मिलत न्हाय."

"तुमीच सांगा त्याला, नाना. तुमचा आवाज मोठा हाय."

"माझं घरात सून ऐकत न्हाय, तो काय ऐकतोय," असं म्हणत नाना उठले. पण उपवास त्यांनी मोडला नाही, कुणीच मोडला नाही. रोज संध्याकाळी काकी दारात येऊन हनुवटी वर करी आणि चंद्र किती भरला ते पाही. त्या पाहण्यात व्याकुळता नव्हती. ठरलेल्या माणसाची वाट पाहावी, तसं ते होतं.

चैत्र पौर्णिमा सरली आणि तो रविवार उजाडला. आमच्या किनाऱ्यावर सूर्य समुद्रातून येत नाही. तो पाठीमागच्या डोंगराआड असतो, आणि त्याचं पहिलं ऊन दूरच्या शिडांवर पडतं, मग लाटांवरून सरकत सरकत अखेर आपल्या पायांशी येतं. काकी पांढऱ्या लुगड्यात वाळूवर उभी होती आणि ऊन पावलांशी येईपर्यंत थांबली होती. भोवती अकराही घरं होती. एका आजारी म्हातारीला बाजेसकट उचलून आणलं होतं. ऊन आलं. "येशू उठला आहे," काकी म्हणाली, आणि वाडीनं एका आवाजात उत्तर दिलं, "खरोखर उठला आहे." मग गाणं सुरू झालं. त्या गाण्यात कोळ्यांच्या वल्ह्यांचा ठेका होता, लेकरांचे बेसूर होते, आणि त्या सर्वांच्या वर, कडेच्या माडासारखा सरळ, काकीचा स्वर होता.

ते गाणं पाण्यावरून ऐकत एक होडी आत येत होती. पाळकसाहेब रात्री आगरदांड्याला मुक्काम करून, वारा चढण्यापूर्वी निघाले होते. धोतर खोचून, जोडे हातात घेऊन, गुडघाभर पाण्यातच ते उभे राहिले.

"बाई, हे काय चाललं आहे?"

"सलाम, साहेब. ईस्टर हाय. बरोबर सणाला आलात."

ते गोंधळून म्हणाले, "ईस्टर तर होऊन चार आठवडे झाले. शिमग्यानंतरच्या रविवारी."

"पाडव्यानंतरची पुनव धरतात ना?"

"बहुतेक वर्षी. पण कधी कधी शिमग्याचीच पुनव येते."

मी काकीकडे पाहिलं. तिच्या ध्यानात आलं होतं, हीच चूक आता होडीत बसून अलिबागेला जाणार, आणि शाळा बंद करायला तिथं ती पुरेशी ठरणार. तेवढ्यात मागून पौलूसनाना म्हणाले, "म्हंजे साहेब, तिकडं तुमी महिनाभर म्हावरं खाताव, आनि आमी हितं वास घेत बसलाव?"

कुणीतरी फिसकन हसलं, मग सगळी वाळू हसली, आणि पाळकसाहेबांनाही हसू आवरेना. काकी मात्र हसली नाही. ती एक पाऊल पुढे आली.

"चूक माझी, साहेब. मालकांनी सांगितलं तेवढंच मला ठाव होतं. पण त्या पहाटे येशूच्या कबरीवर बाया गेल्या, त्यांना तरी कोणी दिवस सांगितला होता? त्या गेल्या, अन् दगड सरलेला होता. आमीबी तशाच आलो."

पाळकसाहेबांनी एकवार सगळ्यांकडे पाहिलं, बाजेवरच्या म्हातारीकडे जरा जास्त वेळ. मग पाण्यातून वर येऊन त्यांनी जोडे वाळूवर ठेवले, आणि पुढे उभं न राहता लोकांत, पौलूसनानांच्या शेजारी, मांडी घालून बसले. "थांबू नका, बाई," ते म्हणाले. "उपासना पुरी करा."

तिनं पुरी केली. त्या दिवशी तिचा आवाज खाडीच्या पैलतीरापर्यंत गेला असेल, असं मला अजूनही वाटतं. शाळा बंद झाली नाही. पुढच्या नाताळात मिशनचं कॅलेंडर टपालानं आलं, ते काकीच्या नावानं. ती तारखा त्यातून घेऊ लागली, पण वाडीनं तो रविवार सोडला नाही. ज्या वर्षी ईस्टरसाठी शिमग्याचीच पौर्णिमा धरली जाते, त्या वर्षी आमच्याकडे ईस्टर दोनदा येतो, एकदा सर्वांबरोबर आणि एकदा आमचा. पाळकसाहेबांनी कधी हरकत घेतली नाही. उलट जमेल तेव्हा ते दुसऱ्याला येतात, आणि वाळूवरच बसतात.

यंदा पुन्हा तसं वर्ष आहे. पहिला ईस्टर होऊन गेला आणि तिसऱ्या आठवड्यात काकी गेली, झोपेत, कुणालाही न उठवता. अलिबागेच्या ज्या शाळेत मी आता शिकवते, तिथून मी येऊन पोचले तेव्हा माती दिली जात होती. चैत्र पौर्णिमा जवळ आली आहे. रविवारी वाळूवर उभं कोण राहणार, असं मला कुणी विचारलेलं नाही. मात्र आज सकाळी नानांची सून माझं पांढरं लुगडं न सांगता धुऊन वाळत घालून गेली. मी ते नेसणार आहे. जगाचं पुनरुत्थान झालेलं आणि आमचं अजून यायचं, अशा या मधल्या शांत दिवसांत मी सावकाश हे लिहिते आहे, आणि काकीचं नसणं मला निघून जाण्यासारखं वाटत नाही. यायला थोडा उशीर व्हावा, तसं वाटतं.