पाठीचं पोतं

मित्रांनो, खुंटीला लटकलेली ही फिकट, जाड कापडाची पिशवी म्हणजे मी. अंगाला सुक्या झिंग्यांचा वास येतो, पण नाव माझं जर्मनीहून आलेलं आहे.

१९५४ साली एक जर्मन साहेब बांबूचं जंगल पाहायला चामोर्शीकडे आला. ओझं वाहायला त्यानं तळ्यावर मासे धरणाऱ्या सोमाजीला घेतलं. वनखात्याचे कारकून गुणवंतराव दोघांमधले दुभाषे. त्यांनी माझी ओळख करून दिली.

"सोमाजीभाऊ, हिचं नाव रुकझाक. साहेबाच्या मुलखात डोंगरातले लोक पाठीले रुक म्हंतेत. झाक म्हणजे पोतं. झालं पाठीचं पोतं."

सोमाजी हसला. "पाठीवर तं बैलाच्या लादतेत. माणसाले खांदा हाये."

त्यानं मला कावडीच्या एका टोकाला अडकवलं. कावड कलंडली. मग माझ्या वजनाचा धोंडा शोधून त्यानं दुसऱ्या टोकाला बांधला आणि दिवसभर आम्हा दोघांना इमानानं वाहिलं. जाताना साहेब मला सोमाजीलाच देऊन गेला. घरी माझ्यात सुके झिंगे भरले गेले, आणि मला सगळे विसरले.

पुढच्या भादव्यात सोमाजीची चार वर्षांची कमळा हगवणीनं निपचित पडली. दवाखाना चामोर्शीला, आणि वाटेत भरलेला नाला. दोन्ही काठांना बांधलेला दोर धरून पार व्हायचं तर दोन्ही हात मोकळे हवेत. खांद्यावर बसायला पोरीत त्राण नव्हतं. तिच्या आईनं, वच्छलानं, मला झटकून रिकामं केलं.

"हिच्यात बसवा तिले. घ्या पाठीवर."

"लोक बैल म्हंतीन."

"म्हनू द्या. तसंबी तुमाले कोन साहेब म्हंते?"

मी कमळेला गळ्यापर्यंत पोटात घेतलं. ऐन धारेत माझा एक पट्टा उसवला. सगळा भार दुसऱ्यावर आला, तो सोमाजीच्या खांद्यात रुतत गेला, पण त्यानं दोर सोडला नाही. तेव्हा कुठे मला माझं नाव समजलं. त्यातलं पोतं तेवढं माझं. पाठ दुसऱ्या कुणाची तरी असते, आणि नावात ती आधी येते.

दवाखान्यात तिसऱ्या दिवशी कमळेनं पेज मागितली. आम्ही घरी आल्यावर वच्छलानं जाळ्याच्या सुतळीनं माझा पट्टा शिवला. मग मोहाचं तेल कोमट करून ती नवऱ्याच्या मागे बसली.

मित्रांनो, उसवलेली पिशवी वेळेवर शिवा, एवढं तर मी मागणारच. पण ज्याच्या पाठीवरून तुम्ही इथवर आलात, त्याची पाठ कधी चोळून द्या. आम्हाला खुंटी तरी मिळते. तो सकाळी पुन्हा तळ्यावर जातो.