उघडी खिडकी

"खिडकी राहू दे उघडी," पद्माकर म्हणाला.

कुमुदचा हात कडीवरच थांबला. ओव्हनच्या ग्रिलखाली बीफच्या बरगड्या तडतडत होत्या आणि लसूण-तिखटाचा, चरबीचा वास सिंगापुरातल्या सेम्बावांगच्या त्या आठव्या मजल्यावरच्या फ्लॅटभर पसरला होता. अशा वेळी दार-खिडक्या लावून घ्यायच्या आणि गॅसशेजारी दोन उदबत्त्या पेटवायच्या, हा या घरातला अकरा वर्षांचा नेम. गंमत म्हणजे शेजारी एकीकडे मलय कुटुंब, दुसरीकडे चिनी म्हातारा. त्यांना या वासाचं काय पडलं होतं? पण नेम सिंगापूरचा नव्हताच. पद्माकर तो उस्मानाबादहून सामानाबरोबर घेऊन आला होता.

तिथल्या भाड्याच्या खोलीत त्याची आई दाराला आतून कडी घालून निखाऱ्यावर बरगड्या भाजायची. उदबत्ती लावायची आणि पोराला बजावायची, "कुनी इचारलं तर बकऱ्याचं सांग." पोरगा सांगायचा. शाळेत सांगितलं, पुढे इथल्या शिपयार्डात फोरमन झाल्यावरही मराठी मंडळींत तेच सांगितलं. आज आईला जाऊन वर्ष झालं होतं. तिच्या आवडीचंच करायचं, असं त्यानं ठरवलं होतं. आणि चोरून करायचं नाही, असंही.

दिवस मात्र अडचणीचा होता. बारा वाजता मराठी मंडळाचे शामकांत पातेली न्यायला येणार होते. गणपतीच्या जेवणाची तीन मोठी पातेली वर्षभर कुमुदच्या स्टोअररूममध्ये असायची. गेल्या वर्षी दोनशे माणसांची आमटी तिनंच केली होती. या परक्या देशात तिला पोटभर मराठी बोलायला मिळायचं ते त्या पातेल्यांभोवतीच. मुलीचा, वल्लरीचा नाचही मंडळाच्याच कार्यक्रमात होता.

शामकांत जाईपर्यंत ग्रिल बंद ठेवा, तासाभरानं काय बिघडतं, असं कुमुदनं परोपरीनं सांगून पाहिलं. पद्माकरनं चिमट्यानं बरगड्या उलटल्या. आई जन्मभर लोक जायची वाट बघत जेवली, आज नाही, एवढंच तो म्हणाला.

एमआरटी, म्हणजे इथली मेट्रो, आता सेम्बावांगपर्यंत आली असली, तरी पातेल्यांसाठी शामकांत टॅक्सी करून आले आणि ती खाली थांबवून वर आले. माणूस तसा चांगला, हसतमुख. दारातच त्यांनी खोल श्वास घेतला.

"वा, मटण वाटतं?"

लहानपणापासून घोकलेलं उत्तर पद्माकरच्या ओठावर होतं. नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. ओट्याशी कुमुद त्याच्याकडे बघत उभी होती.

"नाही, शामकांतराव. बीफ आहे," पद्माकर म्हणाला. "आईला जाऊन आज वर्ष झालं. तिला हे फार आवडायचं. बसा, जेवून जा."

शामकांत बसले नाहीत. घासूनपुसून दाराशी मांडलेल्या पातेल्यांकडे बघत राहिले. मग म्हणाले, आपलं स्वतःचं काही नाही, पण लोक विचारणार, शेवटी नैवेद्याचा प्रश्न. पातेली इथेच राहू द्यावीत, मंडळ नवी घेईल. आणि यंदा वहिनींनी आमटीची दगदग करू नये.

"गेल्या वर्षी माझ्या हातची आमटी तुम्ही दोनदा मागून घेतलीत," कुमुद म्हणाली. "तेव्हाही या घरात हेच शिजत होतं."

शामकांत दाराशी वाकले. बुटांचे बंद बांधायला त्यांना बराच वेळ लागला.

ते गेल्यावर कुमुद रडली. पद्माकरला वाईट वाटलं, पण पश्चात्ताप झाला नाही. वल्लरीनं बरगडी दोन्ही हातांत धरून तोडली आणि हनुवटीवरचं तिखट पुसत इथल्या इंग्रजीत म्हणाली, "सो गुड लाह, पप्पा. व्हाय वी ऑल्वेज क्लोज द विंडो?"

कुमुदनं डोळे पुसले. मंडळाचं सगळ्यात मोठं पातेलं तिनं उचलून गॅसवर ठेवलं आणि त्यात तिघांपुरता भात टाकला. एक बरगडी बशीत काढून सासूच्या फोटोपुढे ठेवली. मग गॅसशेजारचा पुडा आणला आणि त्यातली एक उदबत्ती तिथे लावली.

उदबत्तीचा वास आणि बरगड्यांचा वास, दोन्ही मिळून उघड्या खिडकीतून बाहेर जात राहिले.