मैनेची साक्ष

शुक्रवारी संध्याकाळी कर्वेनगरातल्या आमच्या चर्चच्या हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. एरवी चाळीस डोकी जमली तरी पाळकसाहेबांचा चेहरा फुलतो. त्या दिवशी लोक खिडक्यांतून माना घालून उभे होते, चपलांचा ढीग रिक्षास्टँडपर्यंत पोचला होता, आणि जो तो दुसऱ्याला सांगत होता, की ब्रदर दिग्विजय न सांगता नाव ओळखतात, आजार ओळखतात. शेवटच्या बाकावर हाताची घडी घालून मी बसलो होतो. मी रामदास. छत्तीस वर्षं कॉलेजच्या प्रयोगशाळेत काचेच्या नळ्या धुतलेला माणूस. आलो होतो तो बायकोच्या धाकाने, हे आधीच सांगून टाकलेलं बरं.

माझी बायको सुहासिनी बायबलबाई आहे. मिशनच्या कामाला घरोघर जाते, वचन वाचते, आजाऱ्यांजवळ बसते आणि उठताना विचारते, "कशासाठी प्रार्थना करू?" लोक जे सांगतील ते एका जाड निळ्या वहीत उतरवून घेते. गेली सव्वीस वर्षं आमच्या घरी पहाटे पाचला ही वही उघडते. ती एकेक नाव घेऊन प्रार्थना करते आणि मी चहा उकळत ती नावं ऐकतो. वहीत कुणाचा गुडघा असतो, कुणाचा हिंजवडीतल्या कंपनीतला इंटरव्ह्यू असतो, एकदा तर कुणाची म्हैस होती. जे सांगितलं ते लिहायचं, आणि प्रार्थना पुरी झाली की खोडायचं, असा तिचा नियम.

तर व्यासपीठावर ब्रदर दिग्विजय आले. पांढरा कोट, पांढरे बूट, हातात टॅब्लेट. त्यात म्हणे पवित्र शास्त्र होतं.

"मला एक बहीण दिसतेय," त्यांनी एक डोळा मिटून म्हटलं. दुसरा टॅब्लेटवर होता. "तिचं नाव... कां... कांताबाई. कंबर. उजवी बाजू. चढावर जास्त दुखते."

कांताबाई आमच्या मंडळीतल्या सगळ्यात मोठ्या आवाजाच्या बाई. त्या "आमेन" म्हणत अशा उठल्या, की कंबर त्यांच्या मागे नंतर उठली असावी.

"इथे रामदास नावाचा एक मनुष्य आहे. त्याचं मन दगडाचं आहे. आणि तो घोरतो."

अख्खा हॉल मागे वळून माझ्याकडे बघायला लागला. सुहासिनी पहिल्या रांगेतून आनंदाने मान डोलावत होती. खोटं कशाला सांगू, मलाही घाम फुटला.

मग ते म्हणाले, "भाग्यश्री. तुझं लग्न जमत नाही. या वर्षी जमेल."

भाग्यश्री महिन्यापूर्वीचं नवंकोरं क्रुसाचं मंगळसूत्र घालून नवऱ्याशेजारी बसली होती. नवऱ्याने इकडेतिकडे पाहिलं. आम्ही सगळे तिच्या लग्नात जेवलो होतो, मी तर दोनदा पुलाव घेतला होता. ब्रदरना कुजबुज ऐकू गेली. ते पापणीही न लववता म्हणाले, "मी आत्मिक विवाहाबद्दल बोलतोय, प्रियजनहो." लोकांनी टाळ्या वाजवल्या. अशी सोय आमच्या प्रयोगशाळेत असती तर एकही विद्यार्थी नापास झाला नसता.

इथवर मला मजा वाटत होती. पुढचं नाव ऐकलं आणि मजा संपली.

"अवनी. नऊ वर्षांचं लेकरू. रोज चार सुया." आमच्या खालच्या मजल्यावरची दीपाली तोंडावर पदर घेऊन रडायला लागली. अवनी तिची मुलगी. "आई, रविवारी तिच्या सगळ्या सुया, सगळ्या बाटल्या या पायरीवर आणून ठेव. त्या क्षणापासून तिला एक थेंबही लागणार नाही."

अवनीने आईचा हात ओढून विचारलं, "मग रविवारी चर्चच्या प्रीतिभोजनात मला गुलाबजाम चालणार?"

या मुलीच्या अंगात इन्सुलिन तयारच होत नाही. सुई बंद केली तर दोन दिवसांत तिला दवाखान्यात न्यावं लागेल आणि उशीर झाला तर परत आणता येणार नाही. हे कळायला डॉक्टर व्हावं लागत नाही. मी दीपालीला दाराशी गाठलं.

"दीपाली, सुया बंद करू नकोस. डॉक्टरांना विचार."

"काका, तिच्या आजाराचं मी सोसायटीत कुणाला सांगितलेलं नाही. शाळेतल्या बाई आणि आपल्या मावशी सोडून कुणाला माहीत नाही, आणि मावशी कुणाला सांगायच्या नाहीत. मग ब्रदरना कळलं कसं?"

माझ्याकडे उत्तर होतं. कानात यंत्र, दुसरं काय. मी तरातरा ब्रदरपाशी गेलो, हातात हात घेऊन "सलाम, सलाम" म्हणत दोन्ही कानांत डोकावून आलो. मळाशिवाय काही नव्हतं. दीपालीने माझ्याकडे कीव येऊन पाहिलं आणि मुलीला घेऊन गेली.

घरी आल्यावर सुहासिनी भाकरी थापत होती, मी तोंड पाडून बसलो होतो. ती आपल्याशीच पुटपुटली, "भाग्यश्रीचं ते खोडायचं राहूनच गेलं बाई."

"कुठे खोडायचं राहिलं?"

"वहीत."

भाकरी तव्यावर आणि ती पिठाच्या हातांनी तशीच उभी. भाकरी करपल्याचा वास आला तेव्हा कुठे मी गॅस बंद केला.

"सुहासिनी, वही कुणाला दिली होतीस?"

"बुधवारी त्यांचे व्यवस्थापक आले होते ना, संजयभाऊ. म्हणाले, ताई, तुमचं प्रार्थनेचं ओझं आम्ही वाटून घेतो. एका दिवसात परत केली." ती मटकन खाली बसली. "अहो, माझ्यावर विश्वास टाकून सांगतात हो लोक. दीपालीने सोसायटीत कुणाला सांगितलं नाही, ते पोरीचं दुखणं मला सांगितलं."

ती रडली. सव्वीस वर्षांत मी तिच्या देवाची पुष्कळ टिंगल केली, पण त्या संध्याकाळी मी तिचे पिठाचे हात पुसून दिले.

"उद्या दीपालीला सांगू," मी म्हटलं.

"ती म्हणेल, मावशी, ब्रदर वही बघतील का? आणि माझ्याकडे पुरावा काय?"

शनिवारी सकाळी संजयभाऊंचा फोन आला. रविवारसाठी नव्या विनंत्या असतील तर ते न्यायला येत होते. सुहासिनीने माझ्याकडे बघितलं.

"लिही काहीतरी खोटं," मी म्हटलं.

"खोटं मी लिहिणार नाही. माझी वही आहे ती."

मग तिची नजर खिडकीत बसलेल्या मैनेवर गेली. मैना म्हणजे आमची मांजर. बुधवारची प्रार्थनासभा आमच्या घरी भरते तेव्हा ती सतरंजीच्या मधोमध झोपते, त्यामुळे अख्खी मंडळी तिला ओळखते. सुहासिनीने पेन घेतलं आणि अक्षर न अक्षर खरं लिहिलं: "मैना. अकरा लेकरं झाली. चार दिवस अन्नाला तोंड लावत नाही. माझ्या यजमानांनी दोनदा घराबाहेर काढलं."

"गादीवर मुतली म्हणून काढलं मी तिला," मी म्हटलं.

"ते कारण लिहायला जागा नाही उरली." दुपारी संजयभाऊ वही घेऊन गेले आणि संध्याकाळी परत देऊन गेले.

रविवारी हॉल शुक्रवारपेक्षाही जास्त भरला होता. दीपाली पायरीजवळ बसली होती, मांडीवर सुयांची पिशवी. अवनीची सकाळची सुई तिने टोचलीच नव्हती. साडेदहा वाजत आले होते. माझं सगळं लक्ष त्या पिशवीकडे. सुहासिनीच्या पायाशी वेताची टोपली होती, वर रुमाल टाकलेला. लोकांना वाटलं, प्रीतिभोजनाचं काही असेल.

ब्रदरनी टॅब्लेटवर बोट फिरवलं आणि एकदम गहिवरले.

"एक दुःखी बहीण. मैना. हो, मैना. तिच्या पोटी अकरा लेकरं. चार दिवस तिच्या पोटात अन्न नाही." आवाज कापायला लागला. "आणि एका निष्ठुर पुरुषाने तिला दोनदा घराबाहेर काढलं. मैना, तू ऐकतेयस का? पुढे ये, मुली."

कुठूनतरी एक फिस्स आवाज आला. मग दुसरा. मग भाग्यश्री नवऱ्याच्या खांद्यात तोंड खुपसून हलायला लागली आणि हास्याची लाट पहिल्या रांगेपासून खिडक्यांपर्यंत गेली. ब्रदरना वाटलं, हा आत्म्याचा आनंद. ते आणखी जोरात म्हणाले, "मैना, लाजू नकोस."

सुहासिनी उठली, टोपली घेऊन व्यासपीठावर गेली आणि रुमाल काढला.

"सलाम, ब्रदर. ही मैना."

मैनेने हॉलकडे एकवार पाहिलं आणि हॉलमधली सगळ्यात उबदार वस्तू शोधून तिच्यावर बसली. ती वस्तू म्हणजे ब्रदरनी टेबलावर ठेवलेला टॅब्लेट. ब्रदर तो खालून ओढायला लागले, मैनेने पंजा मारला, ब्रदर "अगं आई" म्हणाले आणि टॅब्लेट घसरत कांताबाईंच्या पायाशी गेला. कांताबाई कंबर दुखत असूनही वाकल्या. मग त्यांनी आपल्या त्या आवाजात वाचायला सुरुवात केली.

"कांताबाई, कंबर, उजवी बाजू... अहो, हे तर सुहासिनीबाईंचं अक्षर. वहीचा फोटो आहे हा. रामदास, मन मऊ होवो, घोरणं... आणि ही मैना."

आता कुणी हसत नव्हतं.

"ब्रदर," सुहासिनी म्हणाली, "मी ज्या देवापाशी ही नावं घेते त्याला माझी वही लागत नाही. तुम्हाला लागली."

ब्रदर म्हणाले, आत्मा अनेक मार्गांनी बोलतो. मी शेवटच्या बाकावरून विचारलं, "मग भाग्यश्रीच्या लग्नाचं त्याला आमंत्रण नव्हतं का?" त्यानंतर पांढऱ्या बुटांचा आवाज मागच्या दारापर्यंत ऐकू आला. संजयभाऊंनी आधीच गाडी सुरू केली होती.

मी मात्र दीपालीकडे बघत होतो. ती पिशवी छातीशी धरून बसली होती. सुहासिनी तिच्याजवळ गेली. "पोरी, चूक माझी आहे. तुझं गुपित मी दुसऱ्याच्या हातात दिलं. मला माफ कर. पण तुला कळलं ना, त्यांना कसं कळलं ते?"

दीपालीने पिशवी उघडली. ती सांगेल तेवढं माप धरून सुई मी भरून दिली. अवनीने पोट पुढे केलं आणि म्हणाली, "लवकर, भूक लागलीय." डॉक्टरांना फोन करून हिशेब केल्यावर तिला एक गुलाबजाम मिळाला. दुसऱ्यासाठी तिने बरंच भांडून पाहिलं.

मला कुणाच्या श्रद्धेशी भांडायचं नाही, मी एका श्रद्धेबरोबर सुखाने संसार करतोय. पण कुणी तुमचं मन, तुमचं दुखणं, तुमचं नाव न सांगता ओळखलं, तर हात जोडायच्या आधी एवढंच विचारा, की याला कळलं कसं. खरं उत्तर सापडत नसेल तर शोधत राहा, पण तोवर कुणाचं औषध बंद करू नका. न सापडलेलं उत्तर म्हणजे चमत्कार नव्हे.

सोमवारी पहाटे पाचला वही उघडली. ती आता कुलपात असते. मैनेचा किडलेला दात जनावरांच्या डॉक्टरांनी काढला आणि ती जेवली, म्हणून तिचं नाव खोडलं गेलं. भाग्यश्रीचंही खोडलं. नव्या पानावर पहिलं नाव होतं, "दिग्विजय. खरं बोलायची सवय लागो." दुसरं, "अवनी. सुई वेळेवर टोचली जावो."

मी चहा गाळता गाळता थांबलो आणि त्या दुसऱ्या नावाला मोठ्याने आमेन म्हटलं.